नवी फुटबॉल लीग काढताय? आधी या चुका टाळा

दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी उत्साही माणूस फाइल घेऊन येतो. फाइलीत लोगो असतो, जर्सीचे रंग असतात, उद्घाटनाला कोणता नट येणार हेही ठरलेलं असतं. मी एवढंच विचारतो, दुसऱ्या हंगामाचा खर्च कुठे लिहिलाय? तो कागद फाइलीत सापडत नाही.

फुकटचे पास

एका नव्या क्लबचा हिशोब मी दोन हंगाम सांभाळला. पहिल्या सामन्याला स्टँड भरलेले दिसावेत म्हणून शाळा, सोसायट्या आणि नगरसेवकांच्या कार्यालयांत पासांचे गठ्ठे वाटले गेले. स्टँड भरले, फोटो झकास आले. सामना संपल्यावर मी तिकीट खिडकीवरची पत्र्याची पेटी उघडली. आतल्या नोटांतून जनरेटरच्या डिझेलचंही बिल निघेना. मैदानाचं भाडं, बंदोबस्त, रुग्णवाहिका, पंचांचं मानधन अजून बाकीच होतं.

पुढच्या हंगामात 50 रुपये तिकीट लावलं. पोराला खांद्यावर घेऊन आलेले एक गृहस्थ खिडकीशी थबकले. "मागच्या वर्षी तर फुकट होतं," म्हणाले आणि माघारी वळले. त्यांचं काय चुकलं? ती सवय आम्हीच लावली होती. तिसरा हंगाम झालाच नाही आणि खेळाडूंचे पगार अडकले ते अडकलेच. त्यातला एक गोलकीपर मला अजून फोन करतो, पैशांचं काही कळलं का म्हणून.

तेव्हापासून माझ्या हातात असेल तिथे मी पास छापू देत नाही. मोठ्यांना 20 रुपये लावा, शाळकरी मुलांना 10 लावा, पण पैसे खिडकीवर घ्या.

एकाच मालकाची तिजोरी

महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये संघ बंद झाला. 1996-97 ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा जेसीटी कंपनीचा संघ 2011 मध्ये गेला. पुण्यातला भारत एफसी हा क्लब आय-लीगचा, म्हणजे राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या स्पर्धेचा, एकच हंगाम खेळला. चीनमध्ये तर जिआंग्सू क्लबने नोव्हेंबर 2020 मध्ये लीगचं विजेतेपद घेतलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये क्लबला टाळं लागलं. विजेतेपदानं पगार निघत नाहीत. मालकाच्या मूळ धंद्याला ओढ लागली की पहिली कात्री फुटबॉलला लागते. अख्ख्या लीगचंही तेच होतं. इंडियन सुपर लीग (आयएसएल) ज्या 15 वर्षांच्या, 700 कोटींच्या करारावर उभी होती, तो 2025 मध्ये संपत आला तरी पुढचं ठरेना. 2025-26 चा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही.

मी अंदाजपत्रक करताना मालकाच्या रकान्यात आधी शून्य टाकतो आणि किती महिने तग धरता येईल ते मोजतो. सहाच्या खाली उत्तर आलं तर संघ उतरवू नका.

थकलेले तारे

कोलकात्यात 2012 मध्ये एका नव्या लीगसाठी क्रेस्पो, कॅनावारो, पिरेस या उतारवयातल्या परदेशी ताऱ्यांचा लिलाव झाला. मैदानांचा पत्ता नव्हता; लीगचा एकही सामना झाला नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबने 1975 मध्ये पेलेला आणलं, मग बाकीचे संघ ऐपत नसताना तीच हौस करायला लागले. ज्यांना घाई असते ते नेमका हाच रस्ता धरतात, आणि मला त्यांचा मनापासून राग येतो. अशा एका ताऱ्याच्या कराराच्या पैशांत चार वयोगटांच्या अकादम्या चालतात.

घाईने संघ वाढवणं

पेले आला त्याच अमेरिकन लीगमध्ये 1978 साली 24 संघ होते. 1984 च्या शेवटच्या हंगामाला 9 उरले.

धावपट्टीचं स्टेडियम भाड्याने घेणं

पुण्याच्या बालेवाडी स्टेडियममध्ये, धावपट्टीपलीकडे बसून ज्याने फुटबॉल पाहिलाय त्याला हे सांगायला नको. मैदान दूर आणि खुर्च्या रिकाम्या. 1996 मध्ये सुरू झालेल्या एमएलएस या अमेरिकेच्या नव्या लीगचेही 2001 च्या हंगामानंतर दोन संघ बंद पडले, पण तिच्यातल्या कोलंबस संघाने 1999 मध्येच फुटबॉलपुरतं, स्वतःचं स्टेडियम बांधलं होतं. तेवढा पैसा नसेल तर कॉलेजचं मैदान घ्या, बांबूचे कठडे लावा आणि प्रेक्षकांना साइडलाइनच्या जवळ बसवा.