पडत्या काळातले दोन अल्बम शेजारी ठेवून कसे ऐकावेत: जॅक्सनचा ‘इन्व्हिन्सिबल’ आणि मॅडोनाचा ‘अमेरिकन लाइफ’

मायकल जॅक्सन आणि मॅडोना यांच्या वयात तेरा दिवसांचं अंतर. मॅडोनाचा जन्म १६ ऑगस्ट १९५८ चा, मिशिगनमधल्या बे सिटीतला. जॅक्सनचा २९ ऑगस्ट १९५८ चा, इंडियानातल्या गॅरी या पोलादाच्या शहरातला. ऐंशीच्या दशकात पॉप संगीत कसं दिसेल आणि कसं वाजेल हे या दोघांनी ठरवलं. चाळिशी ओलांडल्यावर, दीड वर्षाच्या अंतराने, दोघांनी एकेक अल्बम काढला. दोन्ही अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर आले आणि लवकरच लोकांच्या बोलण्यातून गेले. ‘इन्व्हिन्सिबल’ ऑक्टोबर २००१ चा, ‘अमेरिकन लाइफ’ एप्रिल २००३ चा.

या अल्बमांचा विषय निघाला की बहुतेकांचं मत आधीच तयार असतं. एकाला जॅक्सनच्याच आधीच्या ‘थ्रिलर’ची सर नाही, दुसऱ्याला मॅडोनाच्याच आधीच्या ‘रे ऑफ लाइट’ची सर नाही, संपलं. हा निकाल मला फार घाईचा वाटतो. दोन्हींत मनापासून ऐकावं असं संगीत आहे, आणि जिथे ते फसतात तिथे अगदी उलट्या कारणांनी फसतात. एकाला सगळ्यांना खूश करायचं होतं, दुसरीला कुणालाच खूश करायचं नव्हतं. हा फरक नुसता वाचून पटणार नाही, तो कानांनी शोधायला हवा. त्यासाठीची ही पद्धत.

पायरी १: जोडी बरोबरीची निवडा

तुलना फसते ती बहुधा इथेच. एकाचा शिखरावरचा अल्बम आणि दुसऱ्याचा उतारावरचा असं धरलं तर निकाल आधीच लागलेला असतो. जोडी लावताना काळ जवळचा हवा, कलाकारांचं वय आणि स्थान सारखं हवं, आणि दोन्हींत गाणी नवी हवीत. जुन्या गाण्यांचे संग्रह किंवा मैफलींचं ध्वनिमुद्रण यात धरू नका. आपली जोडी या कसोटीला उतरते. ‘इन्व्हिन्सिबल’ हा जॅक्सनच्या हयातीतला नव्या गाण्यांचा शेवटचा अल्बम ठरला. मॅडोना मात्र पुढे अनेक अल्बम करत राहिली. एवढा फरक मनात असू द्या, म्हणजे जॅक्सनच्या अल्बमकडे ‘अखेरचा’ म्हणून हळवं होऊन बघणं टळेल. तो करताना हा आपला शेवटचा आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

पायरी २: अल्बमभोवतीचा गोंगाट वेगळा काढा

एका कागदावर दोन भाग करा. एकात ध्वनिमुद्रणात ऐकू येणाऱ्या गोष्टी, दुसऱ्यात त्याच्या बाहेर घडलेल्या. दुसरा भाग आधी भरून टाका.

‘इन्व्हिन्सिबल’साठी तिथे बरंच काही येईल. ध्वनिमुद्रणावर सुमारे तीन कोटी डॉलर खर्च झाल्याची चर्चा होती, आणि इतक्या पैशांत काय काय व्हायला हवं होतं याचा हिशेब लोक गाणी ऐकण्याआधीच मांडत होते. न्यूयॉर्कमध्ये ७ आणि १० सप्टेंबर २००१ ला जॅक्सनच्या एकल कारकिर्दीच्या तीस वर्षांनिमित्त मोठे कार्यक्रम झाले. दुसऱ्या कार्यक्रमाच्या दुसऱ्याच सकाळी त्या शहरावर हल्ला झाला. अल्बम आला तो त्यानंतर सात आठवड्यांनी. पुढे २००२ मध्ये जॅक्सनने आपल्याच ध्वनिमुद्रण कंपनीच्या प्रमुखावर जाहीर टीका केली आणि अल्बमची गाणी वाजवून दाखवण्याचं, त्यांचे व्हिडिओ करण्याचं काम थंडावलं.

‘अमेरिकन लाइफ’च्या बाजूला इराक युद्ध आहे. शीर्षकगीताचा व्हिडिओ योनास ओकरलुंडने दिग्दर्शित केला होता. त्यात फॅशन शोच्या मंचावर लष्करी गणवेश आणि युद्धाची दृश्यं होती. २० मार्च २००३ ला युद्ध सुरू झालं आणि एप्रिलच्या सुरुवातीला मॅडोनाने तो मागे घेतला. अल्बमच्या मुखपृष्ठावर ती क्रांतिकारक चे गेव्हाराच्या प्रसिद्ध छायाचित्राची आठवण करून देणाऱ्या रूपात होती. त्यामुळे हा अल्बम म्हणजे राजकीय निषेध असं अनेकांनी धरून चाललं. गाणी ऐकली की कळतं, यात राजकारण जवळजवळ नाहीच. विषय प्रसिद्धीचा आहे, पैशांचा आहे, आईचा आहे.

हा भाग भरून झाला की कागद उलटा ठेवा. तो परत लागेल, पण उशिरा.

पायरी ३: दोन्ही एकदा सलग ऐका, वेगवेगळ्या दिवशी

गाणी पुढे ढकलू नका, क्रम बदलू नका. ‘इन्व्हिन्सिबल’मध्ये सोळा गाणी आहेत आणि लांबी ७७ मिनिटांच्या आसपास. ‘अमेरिकन लाइफ’मध्ये अकरा गाणी, साधारण ४९ मिनिटं. लक्ष कुठे सुटतं, तेवढंच टिपा.

लांबीचं एक कारण तंत्रात आहे. ‘थ्रिलर’ १९८२ चा, तबकडीच्या जमान्यातला: नऊ गाणी, बेचाळीस मिनिटं. तबकडीची एकेक बाजू भरली की थांबावंच लागे. सीडीवर ८० मिनिटांच्या आसपास जागा मिळू लागली आणि नव्वदच्या दशकात अल्बम फुगत गेले. ‘इन्व्हिन्सिबल’ जवळपास ती सगळी जागा वापरतो, आणि मधल्या संथ गाण्यांपाशी त्याचा त्रास जाणवतो.

पायरी ४: श्रेयनामावली वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण दोन अल्बम इतके वेगळे का वाजतात याचं उत्तर या बारीक अक्षरांत आहे.

‘इन्व्हिन्सिबल’च्या पहिल्या तीन गाण्यांवर निर्माता रॉडनी जर्किन्सची छाप आहे. ब्रँडी आणि मोनिकाचं ‘द बॉय इज माइन’ आणि डेस्टिनीज चाइल्डचं ‘से माय नेम’ यांमागे तोच होता. २००१ मध्ये ज्याच्याकडे सगळे धाव घेत त्याच्याकडे जॅक्सनही गेला. त्याच्या जोडीला टेडी रायली आहे. त्याने १९९१ च्या ‘डेंजरस’ला आकार दिला होता, म्हणजे तो दहा वर्षांपूर्वीचा विश्वासू साथीदार. ‘ब्रेक ऑफ डॉन’ डॉक्टर फ्रीझचं. ‘बटरफ्लाइज’ आंद्रे हॅरिस आणि मार्शा अँब्रोसियस यांचं, फिलाडेल्फियाच्या सोल संगीताच्या मऊ वळणाचं. पाहुण्यांत स्लॅश आणि कार्लोस सांताना हे दोन गिटारवादक. ‘अनब्रेकेबल’मध्ये तर १९९७ मध्ये मारल्या गेलेल्या रॅपर नोटोरियस बी.आय.जी.चा आधीच ध्वनिमुद्रित झालेला रॅप बसवला आहे. जॅक्सनने एकट्याने लिहिलेली आणि एकट्याने निर्मिलेली गाणी दोनच: ‘स्पीचलेस’ आणि ‘द लॉस्ट चिल्ड्रन’.

‘अमेरिकन लाइफ’ची नामावली वाचायला मिनिट पुरतं. मॅडोना आणि फ्रेंच निर्माता मिरवेज हीच दोन नावं परत परत येतात. हे दोघं मॅडोनाच्या २००० च्या ‘म्युझिक’ या अल्बममध्येही एकत्र होते. साध्या गिटारचा आवाज घ्यायचा, संगणकावर त्याचे तुकडे करायचे, मध्ये अचानक शांतता सोडायची आणि खाली कोरडा इलेक्ट्रॉनिक ठेका ठेवायचा, ही मिरवेजची खूण. ती या अल्बमभर इतकी एकसारखी आहे की काही श्रोते तिलाच कंटाळतात. मला त्या एकसारखेपणातच अल्बमची ताकद दिसते. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या ‘इझी राइड’पर्यंत आपण एकाच खोलीत आहोत असं वाटतं. अपवाद ‘डाय अनदर डे’चा. ते आधी, २००२ मध्ये, बाँडपटासाठी आलेलं गाणं आहे. इथे ते बाहेरून आणून ठेवल्यासारखं राहतं.

पायरी ५: गाण्यांच्या जोड्या लावा

सोळा गाण्यांची अकरा गाण्यांशी सरधोपट तुलना होत नाही. सारखं काही करू पाहणारी गाणी शोधा आणि एकापाठोपाठ एक ऐका. माझ्या तीन जोड्या अशा.

प्रसिद्धीचा जाच: ‘प्रायव्हसी’ आणि ‘अमेरिकन लाइफ’. जॅक्सन छायाचित्रकारांवर आणि वर्तमानपत्रांवर तुटून पडतो, स्लॅशची गिटार त्याच्या रागाला धार देते. तक्रार जगाविरुद्ध आहे. मॅडोनाच्या गाण्यातल्या त्या बदनाम रॅपमध्ये ती वकील, मॅनेजर, स्वयंपाकी, मुलांच्या आया अशी स्वतःच्या नोकरचाकरांची यादी वाचते आणि तरी समाधान नाही म्हणते. त्या रॅपची खूप टिंगल झाली. तो अवघडलेला आहे, हे खरं. पण तिथे तिचं बोट स्वतःकडे वळलेलं आहे आणि तेवढ्यासाठी मी तिच्या बाजूला एक गुण जास्त देतो.

उघडा आवाज: ‘स्पीचलेस’ आणि ‘एक्स-स्टॅटिक प्रोसेस’. ‘स्पीचलेस’ची सुरुवात आणि शेवट वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यावर. मधल्या भागात तंतुवाद्यं आणि समूहस्वर जमत जातात, पण कान ठेवायचा तो त्या दोन टोकांवर. सूर लावताना श्वास किती सांभाळला आहे ते तिथे ऐकू येतं. ‘एक्स-स्टॅटिक प्रोसेस’मध्ये गिटार आणि मॅडोनाचेच दोन आवाज आहेत, शेवटाकडे ते वेगवेगळ्या ओळी गात एकमेकांना ओलांडतात. तिचा गळा जॅक्सनइतका तयार नाही आणि ती ते लपवतही नाही. या जोडीत जॅक्सन पुढे, निर्विवाद.

बालपण: ‘द लॉस्ट चिल्ड्रन’ आणि ‘मदर अँड फादर’. मॅडोनाची आई १९६३ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने गेली. मॅडोना तेव्हा पाच वर्षांची होती. गाण्यात ती लहान मुलीसारखी एकच चाल घोळवत राहते. ठेका नाचाचा, शब्द शोकाचे. हा विसंवाद पहिल्यांदा खटकतो आणि नंतर तोच मनात रुततो. जॅक्सनचं गाणं हरवलेल्या सगळ्या मुलांसाठीची प्रार्थना आहे. भावना खरी असेल, पण सगळ्यांबद्दल बोलताना त्यात कुणा एका मुलाचा चेहरा दिसत नाही. तिचं दुःख एका घरातलं आहे, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचतं.

तुमच्या जोड्या वेगळ्या निघतील. निवडताना प्रत्येक गाणं काय करू बघतंय हे एका वाक्यात लिहिता येतंय का, ते बघा. नाही आलं तर ते गाणं जोडीसाठी घेऊ नका.

पायरी ६: फक्त आवाज ऐका

हेडफोन लावा आणि वाद्यांकडे दुर्लक्ष करायचा प्रयत्न करा. जॅक्सनचं ‘बटरफ्लाइज’ घ्या: त्रेचाळीस वर्षांच्या माणसाचा वरच्या पट्टीतला इतका हलका, न ताणलेला सूर. मग ‘२००० वॉट्स’ घ्या. आवाज एवढा खाली उतरतो की ओळखू येत नाही. मॅडोनाने १९९६ च्या ‘एव्हिटा’ या संगीतपटासाठी गळ्यावर मेहनत घेतली होती आणि ‘रे ऑफ लाइट’मध्ये ती दिसली. ‘नथिंग फेल्स’ हळुवार सुरू होतं आणि पुढे लंडनचा गॉस्पेल वृंद येऊन मिळतो तेव्हा ती मेहनत पुन्हा ऐकू येते. ‘नोबडी नोज मी’मध्ये मात्र तिने मुद्दाम स्वतःचा आवाज यंत्रात घालून मोडला आहे.

पायरी ७: आता आकडे

उलटा ठेवलेला कागद सरळ करा. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत ‘इन्व्हिन्सिबल’च्या साडेतीन लाखांहून अधिक प्रती खपल्या, ‘अमेरिकन लाइफ’च्या दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या गाण्यांच्या मुख्य यादीत ‘यू रॉक माय वर्ल्ड’ दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं, ‘बटरफ्लाइज’ चौदाव्या. ‘अमेरिकन लाइफ’ हे गाणं अमेरिकेत सदतिसाव्या क्रमांकावर अडलं, पण ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. गाणं तेच, आठवडे जवळपास तेच. एवढ्यावरून कळेल की यादीतली जागा त्या देशातलं वातावरण आणि तिथला रेडिओ यांच्याबद्दलही तितकंच सांगते. आकडे शेवटी घ्यायचे ते यासाठी. आधी घेतले तर कान त्यांच्या मागे जातात.

पायरी ८: कात्री चालवून बघा

दोन्हींतून गाणी वगळून छोटी यादी करा. ‘इन्व्हिन्सिबल’ची माझी यादी: ‘अनब्रेकेबल’, ‘ब्रेक ऑफ डॉन’, ‘हेवन कॅन वेट’, ‘यू रॉक माय वर्ल्ड’, ‘बटरफ्लाइज’, ‘स्पीचलेस’, ‘२००० वॉट्स’, ‘प्रायव्हसी’, ‘व्हॉटेव्हर हॅपन्स’, ‘थ्रेटन्ड’. दहा गाण्यांचा हा अल्बम २००१ मध्ये आला असता तर त्याच्याबद्दल फार वेगळं लिहिलं गेलं असतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे दोष गाण्यांच्या निवडीत होता. ‘अमेरिकन लाइफ’मधून मी ‘डाय अनदर डे’ आणि ‘आय एम सो स्टुपिड’ काढून पाहिली. अल्बम जरा आटोपशीर झाला, पण मुळात बदलला नाही. तो ज्यांना आवडत नाही त्यांना नऊ गाण्यांचाही आवडणार नाही. तो जसा आहे तसा ठरवून केलेला आहे.

पायरी ९: निकाल एका ओळीत उरकू नका

‘कोणता चांगला’ हा एकच प्रश्न घेतलात तर आतापर्यंतचं काम वाया जाईल. निदान तीन प्रश्न घ्या: अल्बम म्हणून सलग कोणता टिकतो, गायन कुणाचं सरस, आणि परत परत ऐकावं असं एकेकटं गाणं कुठे आहे. प्रत्येक उत्तराशेजारी गाण्याचं नाव आणि त्यातली जागा लिहा: कितवं मिनिट, कोणतं वाद्य, कोणता सूर. जागा दाखवता आली नाही तर ते मत अजून कच्चं आहे, आणखी एकदा ऐका.

माझी उत्तरं देतो. सलग ऐकायला ‘अमेरिकन लाइफ’. गायनात जॅक्सन. आणि दोन्ही अल्बमांतलं एकच गाणं ठेवायचं म्हटलं तर ‘व्हॉटेव्हर हॅपन्स’. संकटात सापडलेल्या एका जोडप्याची गोष्ट जॅक्सन त्यात तिऱ्हाइतासारखी सांगू लागतो. सांतानाची गिटार त्याच्या ओळींना उत्तर देत राहते, शीळ येते, आणि शेवटाकडे त्या दोघांचं भांडण आणि धीर दोन्ही त्याच्याच आवाजात मिसळून जातात. सोळापैकी पंधराव्या जागी असल्यामुळे फार थोडे लोक तिथपर्यंत पोचले.