केबलच्या जुन्या वायरीतून वरच्या खोलीत नेट

लातूरला आमचं घर स्लॅबचं, राऊटर खाली बैठकीत, वर पोरीच्या खोलीत वायफायची एकच काडी यायची अन् तिचा क्लास सारखा अडकायचा. भिंत फोडायची नव्हती, मग ध्यानात आलं की केबल टीव्हीची जुनी काळी वायर वरपर्यंत गेलेलीच आहे. केबलच्या वायरीतून नेट नेणाऱ्या डब्यांची, म्हणजे मोका अडाप्टरची जोडी मागवली, एक राऊटरला, एक वर, तरी लिंकचा लाइट काही लागंना. दोन दिवसांनी जिन्याखालचा स्प्लिटर (एका वायरीचे फाटे करणारी डबी) पुसून पाह्यला तर त्यावर ५-१००० मेगाहर्ट्झ लिहिलेलं, म्हणजे तेवढ्याच सिग्नलसाठी बनवलेला, अन् मोका चालतं ११२५ च्या वर! स्प्लिटर काढला, गंजलेली टोकं कापून नवे एफ कनेक्टर लावले, जॉइनरनं वायर सरळ जोडली, लाइट लगेच लागला. डिशची चालू वायर मात्र वापरू नका, तिचा सिग्नल ९५० ते २१५० मध्ये असतो, दोन्ही एकमेकांत घुसतात.