अकरा नंबरला पॅड बांधून बसलेल्यांसाठी

बॉलर आहेस, नऊ-दहा-अकरा नंबरला जातोस आणि तिकडे सहावी विकेट पडली की तुझ्या पोटात गोळा येतो, तर हे तुझ्यासाठी आहे. तू म्हणतोय त्याचा राग मानू नको, मैदानात सगळे तूच असतात. मी पंधराएक वर्षं मुंबईच्या मैदानांवर मिडियम पेस टाकली आणि बॅटिंगला कायम अकरावा, एकदा कॅप्टनने दहाला पाठवलं तर घरी फोन करून सांगितलं होतं.

पहिली गोष्ट ही की तुझ्याकडून रन कोणी मागत नाहीये, बॉल मागतायत. समोर कोणीतरी सेट आहे, रन तो करेल, तू आऊट झालास की त्याचाही खेळ खल्लास, बस एवढंच गणित. २०१९ ला हेडिंग्लीत इंग्लंडच्या बेन स्टोक्सने ऑस्ट्रेलियाविरुद्धची टेस्ट मॅच काढली तेव्हा त्यांचा अकरा नंबर जॅक लीच किती? १ नॉट आऊट. सतरा बॉल खेळला, मधे मधे चष्मा पुसत बसला आणि शेवटच्या विकेटला ७६ जोडले गेले. आपल्याकडे त्याला खिंड लढवणं म्हणतात.

आता प्रॅक्टिस, आणि सगळा घोळ इथेच होतो. मी ज्या क्लबात होतो तिथे बॅटसमन लोकांना प्रत्येकी पंधरा मिनिटं, त्यांना बॉलिंग आम्ही टाकायची दोन-दोन तास, आणि मग साडेसहाला अंधार पडायला लागला की कोच ओरडणार, चला रे बॉलर लोक, पटापट सहा सहा बॉल. टाकायला कोण, तर ज्यांची बॅटिंग झालीये ते, आणि ते ऑफस्पिनच्या नावाखाली काहीही टाकणार, आम्ही पण मग उगाच सिक्स मारायच्या मागे. अशी दहा वर्षं गेली. त्यामुळे माझा सल्ला, नेट सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं लवकर ये, कोणाला तरी चहा-वडापाव कबूल कर आणि थ्रोडाऊन घे, म्हणजे जवळून हाताने फेकलेले बॉल. फक्त दोन प्रकारचे, स्टंपात यॉर्कर लेन्थ, म्हणजे थेट पायाशी पडणारा, आणि छातीवर येणारा. तुला मॅचमध्ये हेच दोन मिळणार आहेत, कारण तू स्वतः बॉलर आहेस, समोर अकरावा आला की तू काय टाकतोस ते आठव. कव्हर ड्राईव्ह नंतर बघू. घरी करायचं असेल तर मोज्यात बॉल घालून गॅलरीत टांगायचा आणि सरळ बॅटने टकटक करत राहायचं, शेजारचे दोन दिवस बोलतात मग सवय होते.

सामान स्वतःचं चेक कर. शेपटाकडे, म्हणजे आपल्यासारख्या शेवटी येणाऱ्यांकडे, बॅट बहुतेक वेळा उसनी असते आणि ओपनरची बॅट जड असते, आयत्या वेळी ती खाली यायला उशीर होतो आणि दांडी गुल. टीममधली सगळ्यात हलकी बॅट कोणाची ते आधीच बघून ठेव. हेल्मेटचा पट्टा तंबूतच ओढून बघ, २०२३ च्या वर्ल्डकपात दिल्लीला अँजेलो मॅथ्यूजचा पट्टा तुटला आणि तो एकही बॉल न खेळता टाइम्ड आऊट झाला, म्हणजे ठरलेल्या वेळेत बॉल खेळायला तयार नाही म्हणून बाद. आणि आठवी विकेट पडल्यावर पॅड शोधू नको, सातवी पडली की बांधून बस. अजून एक, आधी कॅच उडाल्यावर बॅटसमननी क्रॉस केलं असलं की नवीन आलेला नॉनस्ट्रायकरला जायचा, जरा श्वास घ्यायला मिळायचा. २०२२ पासून नियम बदललाय, कॅच आऊटनंतर येणाऱ्यानेच पुढचा बॉल खेळायचा, ओव्हर संपली असेल तरच सुटका. म्हणजे आपले लाड बंद.

आत गेलास की घाई नको. अंपायरकडे गार्ड माग, म्हणजे बॅट कुठल्या स्टंपसमोर आहे ते विचार, लेग-मिडल घे, क्रीझवर खूण कर. बॅकलिफ्ट, म्हणजे बॅट मागे उचलणं, जेवढी लहान तेवढी चांगली, बॅट यॉर्करच्या आधी जमिनीजवळ पाहिजे. पुढचा पाय बाजूला पळतो, हा आपल्या सगळ्यांचा रोग आहे, भीतीने तो स्क्वेअर लेगच्या दिशेने जातो आणि तीनही स्टंप उघडे. पाय हलवायला जमत नसेल तर हलवू नको, जागेवर राहा पण बाजूला जाऊ नको. ऑफ स्टंपच्या बाहेरचा बॉल सोडायचा. सोडणं हा पण शॉट आहे, आणि फुकटचा आहे. बाउन्सरला मान फिरवायची नाही, मान फिरवली की लागतोच, बॉलवर नजर ठेवून हात खाली आणि डोकं आत, एखादा खांद्यावर बसला तर बसला.

स्पिनरला बॅट पॅडच्या पुढे. आणि बॉल अडवल्यावर लगेच वर बघू नको, बॉल कुठे गेला ते आधी बघ. २०२५ चं इंग्लंडविरुद्धचं लॉर्ड्स आठव, जडेजा ६१ वर खेळतोय, सिराजने तीस बॉल काढलेत, त्यांच्या स्पिनर बशीरचा बॉल सिराजने बॅटच्या मधोमध अडवला, तो खाली पडला, फिरला आणि हळूच मागे जाऊन स्टंपला लागला. बेल पडली, २२ रनांनी हरलो. मी त्या दिवशी ऑफिसात मोबाईलवर बघत होतो, दहा मिनिटं कोणाशी बोललो नाही. डिफेन्स एकदम परफेक्ट होता हो, म्हणूनच जास्त लागलं. तर बॉल मागे वळतोय असं दिसलं की बॅटने किंवा पायाने बाजूला ढकल, नियमात बसतं, फक्त मोकळा हात लावू नको.

रन पळणं हा आपला सगळ्यात मोठा वीक पॉईंट, कारण घाबरलेला माणूस कॉल देत नाही, नुसता बघत राहतो. तीनच शब्द, येस, नो, थांब, आणि ते मोठ्याने, बाजूच्या मॅचमधला फिल्डर दचकला पाहिजे. बॅट क्रीझच्या आधीपासून घासत ने. चौथ्या बॉलनंतर किती राहिले ते पार्टनरला विचार, तो पाचव्या-सहाव्याला सिंगल मारणार आणि तुला पळायचंय, तेव्हा तू ग्लोव्हज नीट करत उभा नको असायला.

पावसाळ्यातलं वेगळं सांगतो, कारण कांगा लीग, म्हणजे आपली पावसातली क्लब स्पर्धा, खेळला नाहीस तर मुंबईचा शेपूट कसला. पिच झाकलेलं नसतं, एक बॉल गुडघ्याखाली सरपटतो, पुढचा त्याच जागेवरून हनुवटीकडे येतो, आऊटफिल्डला गवत एवढं की जमिनीवरून मारलेला फटका तिसऱ्या टप्प्यात हरवतो. आझाद मैदानावर एकदा शेवटच्या विकेटला एकोणीस हवे होते. पार्टनर आमचा कीपर, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, सगळे त्याला भाऊ म्हणायचे. मी गेलो तर तो काही बोललाच नाही, माझ्या बुटांकडे बघत होता. मग म्हणाला, "आधी चिखल काढ." मी बॅटच्या दांड्याने तळवे ठोकले, चिखलाचे गोळे पडले, तो परत म्हणाला, "दुसरा पण." तेवढ्यात माझं हृदय जागेवर आलं. नंतर प्रत्येक बॉलच्या मधे मी तेच केलं, बूट ठोकायचे, गार्ड घ्यायचा, बॉलरकडे बघायचं. नऊ बॉल खेळलो, रन शून्य. भाऊने सतरा काढले आणि तो स्वतः बाऊंड्रीवर कॅच आऊट झाला, दोन कमी पडले. तंबूत आल्यावर शिव्या त्यालाच पडल्या, मला नाही, आणि मला खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पण बूट ठोकायची सवय राहिली, उन्हाळ्यात चिखल नसला तरी.

आणि मारायचं कधी? पार्टनर पण शेपटातलाच असेल आणि दोघंच उरले असाल तर पहिले दहा-बारा बॉल अडवून मग आपल्या पट्ट्यातला आला की सरळ, बॉलरच्या डोक्यावरून. आडव्या बॅटने नाही. २०२४ च्या रणजी क्वार्टरफायनलला बीकेसीत बडोद्याविरुद्ध आपला दहा नंबर तनुष कोटियन १२० नॉट आऊट आणि अकरा नंबर तुषार देशपांडे १२३, शेवटच्या विकेटला २३२! फर्स्टक्लास क्रिकेटमध्ये दहा आणि अकरा दोघांचीही सेंच्युरी याआधी एकदाच झाली होती, १९४६ ला ओव्हलवर सरवटे आणि शुटे बॅनर्जींची. कोटियनला बॅटिंग येते हे माहीत होतं, पण देशपांडेचा स्कोर बघून मी ॲप दोनदा रिफ्रेश केलं.

भोपळ्याची लाज मात्र सोड. आगरकर ऑस्ट्रेलियात लागोपाठ पाच वेळा शून्यावर गेला, शून्याला इंग्रजीत डक म्हणतात, म्हणून लोकांनी त्याला बॉम्बे डक म्हणजे चक्क बोंबील करून टाकलं, आणि त्याच माणसाने २००२ ला लॉर्ड्सवर १०९ नॉट आऊट मारले, जिथे सचिनची टेस्ट सेंच्युरी कधी झाली नाही.

बाकी नॉट आऊट परत आलास तर बॅट ज्याची आहे त्याला पुसून दे. पुढच्या मॅचला परत मागायचीये.