फॉर्मचे एरर मेसेज लिहिताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो, कारण नवीन प्रोजेक्ट उघडला की हमखास तीच दिसते: मेसेजचे तुकडे करून जोडणं. लेबल एका व्हेरिएबलमध्ये, "भरलेला नाही" दुसरीकडे आणि मध्ये प्लस. "पत्ता भरलेला नाही" ठीक वाटतं, पण त्याच कोडमधून "जन्मतारीख भरलेला नाही" पण येतं ना!

एका पतसंस्थेच्या सभासद नोंदणीच्या फॉर्मवर हे जवळून पाहिलंय. ट्रान्सलेटर बाईंना एक्सेल शीट गेली, त्यात "मस्ट बी" एका ओळीत, "अ‍ॅट लीस्ट" दुसऱ्या, "कॅरेक्टर्स" तिसऱ्या, कुठला तुकडा कुठे बसणार काहीच लिहिलेलं नाही. त्यांनी प्रत्येक ओळ बरोबर केली आणि स्क्रीनवर आलं "पत्ता मध्ये असणे आवश्यक किमान १० अक्षरे". सभासद शाखेत फोन करून विचारायला लागले, आणि मीटिंगमध्ये खापर फुटलं बाईंवर. मला याचा अजून राग येतो, त्यांना पूर्ण वाक्य कुणी दिलंच नव्हतं. शेवटी प्रत्येक फील्डसाठी आख्खं वाक्य लिहिलं, "पत्ता किमान १० अक्षरांचा हवा" असं.

स्ट्रिंग्ज, म्हणजे कोडमधली मेसेजची वाक्यं, वाढतात, हो. नवीन पोरं लगेच म्हणतात एकच टेम्प्लेट करू की. नका करू. रेल्स (वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) तर मुळातच लेबल आणि मेसेज चिकटवून देतं, पण रेल्स ६ पासून तो फॉरमॅट फील्डप्रमाणे बदलता येतो, सेटिंग सुरुवातीलाच चालू करून टाका.

दुसरी चूक, नुसतं "अवैध" लिहून मोकळं होणं. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा, पाचवं कायम शून्य, आणि लोक तिथे इंग्रजी ओ टाकतात. कोडला हे ओळखता येतं तर माणसाला सांगा की: "पाचव्या जागी शून्य हवं, तुम्ही ओ टाकलाय."

पिनकोड कुणी ४११०३० असा देवनागरीत टाकला तर? रेजेक्समधला (मजकूर तपासायच्या पॅटर्नमधला) अंकांचा शॉर्टकट ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंक धरतो, सर्व्हरवर पायथन ३ असेल तर देवनागरी पण, म्हणजे ब्राउझर नाही म्हणतो आणि सर्व्हर हो. इथे मेसेज लिहूच नका, कोडमध्येच अंक बदलून घ्या, त्या माणसाने काही चूक केलेली नाही.

लांबीची मर्यादा जपून लावा, "ज्ञानेश्वर" आपल्याला चार अक्षरं दिसतात, जावास्क्रिप्ट काना, मात्रा आणि जोडाक्षरातला हलन्त वेगळे धरून १० मोजतं.

एकवचन-अनेकवचन इफ-एल्सने करू नका, अरबीत ६ प्रकार आहेत, आयसीयू मेसेजफॉरमॅट (संख्येप्रमाणे योग्य वाक्य निवडणारी मेसेज लिहायची पद्धत) वापरा.

ब्राउझरचा स्वतःचा "हे भरा" वाला बबल ब्राउझरच्या भाषेत येतो, पानाच्या नाही. मी तो बंदच करतो.

आणि ट्रान्सलेटरला प्रत्येक स्ट्रिंगसोबत स्क्रीनशॉट द्या. भाषांतर आलं की मी फॉर्म मुद्दाम चुकीचा भरतो आणि टीमबाहेरच्या कुणाला तरी मेसेज मोठ्याने वाचायला लावतो, जिथे अडखळले ती स्ट्रिंग परत लिहायची.