मानसशास्त्रात बी.ए. करताय? आधी क्रेडिट मोजा
बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या शिकवणीत मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते: विषय आवडतो हे छानच, पण पदवी क्रेडिटवर, म्हणजे प्रत्येक पेपर पूर्ण केल्यावर जमा होणाऱ्या एककांवर, मिळते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) चौकटीत तीन वर्षांना किमान १२०, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. संशोधनासह ऑनर्स हवं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. म्हणून पहिलं वर्ष हलक्यात घेऊ नका.

खरी कसोटी प्रात्यक्षिकाची. म्यूलर-लायरच्या प्रयोगात (बाणाच्या टोकांमुळे सारख्याच रेघा लहान-मोठ्या भासतात तो) पट्टी सरकवली की आकडा तिथल्या तिथे वहीत उतरवा. घरी जाऊन आठवून नाही, शेजारणीच्या वहीतून तर मुळीच नाही! संख्याशास्त्र टाळू नका. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते, हाताने काढा. बाकी भाषेचे पेपर वेळेत सोडवा.

आणि पालकांनो, नुसत्या बी.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. पुढे आरसीआयमान्य (भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला) अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते.