युद्धातले हातानं बनवलेले सुरे कसे जमवायचे: विदर्भातल्या गावात राहून सुरुवात करणाऱ्यासाठी

जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं जमवणारे प्रत्येक तालुक्यात एक-दोन तरी भेटतात, पण लढाईच्या काळात सैनिकानं स्वतः किंवा पलटणीच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रीनं हातानं घडवलेले सुरे जमवणारा आपल्याकडे शोधूनही सापडत नाही. याचं एक कारण सरळ आहे. कारखान्यातून निघालेल्या सुऱ्यावर शिक्का असतो, नंबर असतो, पुस्तकात पाहून ओळखता येतो. हातानं बनवलेल्याचं तसं नाही भाऊ, तो एकच नग असतो, त्याच्यासारखा दुसरा कुठं नाही, म्हणून त्याला ओळखायचं तर लोखंड वाचता आलं पाहिजे आणि तो कोणाच्या घरातून आला ते माहीत पाहिजे. या दोनच गोष्टींवर हा अख्खा नाद उभा आहे, बाकीचं हळूहळू जमतं.

आधी हे सुरे बनले काऊन ते समजून घ्या

हे माहीत नसेल तर समोर आलेली वस्तू खरी का खोटी हे कधीच कळणार नाही. १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं, फ्रान्समध्ये माणसं खंदकात उतरली, आणि ब्रिटिश रायफलच्या टोकाला जी १९०७ पॅटर्नची संगीन लागायची तिचं पातंच १७ इंचाचं, आता अरुंद खंदकात रात्रीच्या अंधारात धाड टाकायला गेलेला माणूस एवढं लांब धूड फिरवणार कसं? मग सैनिकांनी संगिनी कापून आखूड केल्या, फ्रेंच सैनिकांनी काटेरी तार बांधायच्या लोखंडी खुंट्या तापवल्या, एका टोकाला वाकवून मूठ केली आणि दुसऱ्या टोकाला अणी काढली, त्याला 'फ्रेंच खिळा' असंच नाव पडलं. इंग्लंडमध्ये डडली गावच्या रॉबिन्स कंपनीनं ॲल्युमिनियमच्या ओतीव मुठीचे, मुठीत धरून ठोसा मारल्यासारखे वापरायचे सुरे काढले. अमेरिकेचा पितळी मुठीचा, बोटात अडकवायच्या कड्यांचा मार्क १ सुरा १९१८ चा, पण तो फॅक्टरीचा माल, आपल्या विषयात अर्धाच बसतो.

दुसऱ्या महायुद्धात मटेरियल बदललं. फेअरबर्न आणि साइक्स हे दोघं शांघायच्या पोलीस खात्यात होते, त्यांच्या नावाचा कमांडो सुरा विल्किन्सन स्वोर्डनं १९४० च्या शेवटी बनवायला घेतला. पण पॅसिफिकमध्ये आणि ब्रह्मदेशात असलेल्या कितीतरी जणांच्या हाती तो कधी आलाच नाही, त्यांनी पडलेल्या विमानाचं ॲल्युमिनियम, विमानाच्या काचेचं पारदर्शक प्लास्टिक, चामड्याच्या चकत्या, तुटलेली कानस, गाडीचा पाटा असं जे हाताशी आलं त्यातून सुरे केले. या मुठींमध्ये कधी कधी लाल, निळ्या प्लास्टिकच्या चकत्या एकावर एक रचलेल्या दिसतात आणि माझ्या मते युद्धात हातानं बनलेल्या वस्तूंमध्ये याच्याइतकी सुंदर दुसरी वस्तू नाही. अमेरिकेत जॉन एक ('एक' हे त्याचं आडनाव) आणि रँडल यांच्यासारखे कारागीर सैनिकांसाठी सुरे बनवून देत होते, त्यांचे नग आज लय महाग आहेत, त्यांच्या मागं लागू नका.

आता आपल्याकडचं. दुसऱ्या महायुद्धात भारतातून जवळपास २५ लाख माणसं फौजेत होती. महार रेजिमेंटची दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये आपल्या कामठीलाच उभी राहिली आणि ब्रह्मदेशच्या लढाईत गेली. म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, अमरावतीकडच्या एखाद्या घरात त्या काळचं हत्यार निघणं ही काही अशक्य गोष्ट नाही. निघालंच तर बहुतेक काय निघेल? खुकरी, दा म्हणजे बर्मी लोकांचं लांब पात्याचं हत्यार, आखूड केलेली संगीन, नाहीतर वर्कशॉपमध्ये घडवलेला साधा सुरा. संगीन हाती आली की एक काळजी घ्या, युद्धात आपल्या देशातही साधारण १२ इंची पात्याच्या संगिनी बनत होत्या, त्यांच्यावर इशापूर रायफल फॅक्टरीचा आरएफआय असा शिक्का असतो, त्या जन्मापासूनच आखूड, त्यांना कोणी 'सैनिकानं कापलेली' म्हणून विकून राहिला तर हात जोडून पुढं निघा.

पैसे काढायच्या आधी पोलीस स्टेशन

हे काम टाळू नका. आर्म्स ॲक्ट १९५९ आणि आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचे सुरे शस्त्रांच्या यादीत येतात, खंजीर आणि संगीन तर नावानिशी आहेत, खुकरीचंही नाव आहे. शेतीची आणि घरकामाची हत्यारं यातून बाहेर आहेत, पण लढाईचा सुरा 'कोयता आहे साहेब' म्हणून चालत नाही. असं हत्यार जवळ ठेवायला लायसन्स सगळीकडे लागतंच असं नाही, कलम ४ खाली सरकारनं ज्या भागासाठी नोटिफिकेशन काढलं असेल तिथं लागतं, म्हणून आपल्या जिल्ह्यात आज काय स्थिती आहे ते ठाण्यात आणि कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र परवाना शाखेत जाऊन विचारा, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्या दिवसांत वस्तू घराबाहेर काढायचीच नाही, दाखवायला नेतो म्हणूनही नाही.

परदेशातून मागवायचा विचार डोक्यातून काढून टाका. आर्म्स ॲक्टच्या कलम १० प्रमाणे शस्त्र देशात आणायला आणि देशाबाहेर न्यायलाही लायसन्स लागतं, ऑनलाइन फोटो पाहून पैसे भरले आणि पार्सल कस्टमला अडकलं तर पैसे गेले ते गेले आणि वरून जबाब द्यायला फिरा. आणखी एक, १०० वर्षं ओलांडलेली वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते आणि पहिल्या महायुद्धाला आता १०० च्या वर वर्षं झाली, त्यामुळे त्या काळचा नग परवानगीशिवाय देशाबाहेर विकायचा नाही.

डोळा तयार करा

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपलं अजब बंगला, १८६३ पासून आहे. तिथली जुनी हत्यारं पाहायला जा आणि घाई करू नका, मूठ पात्याला कशी जोडली आहे एवढंच पाहत बसा. पण त्याहून मोठी शाळा तुमच्या गावातच आहे, लोहाराची भट्टी. कानशीपासून सुरी घडवताना पहा, पाट्याचा विळा-कोयता होताना पहा, पाणी देताना पात्याचा रंग कसा पालटतो ते त्यालाच विचारा. कानशीपासून बनवलेल्या पात्यावर पुष्कळदा कानशीच्या दातांच्या बारीक तिरप्या रेघा राहून जातात, घणाचा घाव कसा उमटतो आणि ग्राइंडरची रेघ कशी दिसते, हे एकदा नजरेत बसलं की फोटोवरूनही अर्धं समजतं. आमच्याकडच्या लोहारांना हातात धरल्या धरल्या कळतं की हे पातं कशाचं आहे, एवढी विद्या घरात असताना आपण ऑनलाइन व्हिडिओ पाहून शिकून राहिलो हे मला मनापासून खटकतं.

शोधायचं कुठं

भंगारवाल्यापासून सुरू करा, कारण तिथं रोज वस्तू वितळायला जातात. त्याला फोन नंबर देऊन ठेवा आणि सांगा की जुनी संगीन, खुकरी, वेगळ्या मुठीचा सुरा आला तर किलोच्या भावात पुढं पाठवायच्या आधी मला बोलाव, दोन पैसे जास्त देईन. पण त्यालाही हे सांगा की कोणाच्या घरून आणलं ते लक्षात ठेव, कारण पत्ता तुटला की त्या वस्तूची निम्मी किंमत तिथंच गेली, आणि चोरीचा माल गळ्यात पडायची भीती ती वेगळीच.

दुसरी जागा म्हणजे जुन्या फौजींची घरं. इथं एकदम 'काही विकायचं आहे का' असं विचारू नये. बसावं, चहा घ्यावा, फोटो पहावेत. आजी म्हणते, "हे तं आमच्या बुढ्याचं होय, फौजेतून आणलं होतं, मी याच्यानं नारळ फोडतो," आणि हातात जे येतं ते कदाचित १९४३ चं असतं. त्या क्षणी तोंडावर काही न दाखवता भाव पाडायचा का? मी तरी म्हणतो नाही. त्या माणसाला खरं सांगा की ही काय वस्तू आहे आणि बाजारात तिला किंमत आहे. कापसाला भाव नाही, घरात लग्न आहे, दवाखाना चालू आहे, अशा वेळी मन नसतानाही माणूस वस्तू काढतो, तेव्हा घेऊ नका, फोटो काढू द्या म्हणा आणि उठा. फोटो आणि माहिती हेही कलेक्शनच आहे. विकायचंच ठरलं असेल तर घरातल्या सगळ्यांच्या समोर व्यवहार करा, नाहीतर पुढच्या वर्षी पुण्यावरून मुलगा येतो आणि आजोबांचा सुरा परत मागतो, आणि त्याचं काही चुकतही नाही.

वस्तू हातात आली की काय पाहायचं

उन्हात न्या, भिंग घ्या आणि मुठीपासून सुरुवात करा, खोटेपणा बहुतेक तिथंच सापडतो. पात्याचा जो दांडा मुठीत जातो तो शेवटाला ठोकून बसवला आहे, नट लावला आहे, का चुका मारल्या आहेत ते पहा. सहा टोकांच्या ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचा स्क्रू (टॉर्क्स, साधा अधिक चिन्हाचा नाही) दिसला तर विषय संपला, तो प्रकारच १९६० च्या दशकातला. फटीत पिवळट काचेसारखा कडक गोंद दिसला तरी सावध व्हा, ॲराल्डाइटसारखे गोंद बाजारात आले तोवर युद्ध संपलेलं होतं, मात्र कोणी नंतर दुरुस्ती केली असूही शकते, म्हणून नुसत्या गोंदावरून वस्तू फेकून देऊ नका. नोटा तपासायचा निळा टॉर्च अंधारात मारून पहा, नवीन गोंद आणि नवीन वार्निश पुष्कळदा चमकून उठतं. विमानाच्या काचेच्या त्या पारदर्शक प्लास्टिकची (ॲक्रिलिक) मूठ असलेला सुरा कोणी पहिल्या महायुद्धाचा म्हणून सांगत असेल तर ते शक्यच नाही, हे प्लास्टिक १९३० च्या दशकात बाजारात आलं. खरं जुनं असेल तर ते पुष्कळदा थोडं पिवळलेलं असतं, आत बारीक चिरा असतात.

मग पातं. गंज सगळीकडे एकसारखा नारिंगी असेल तर तो मिठाचं पाणी किंवा ॲसिड लावून मुद्दाम चढवलेला असू शकतो. जुन्या लोखंडावर काळपट तपकिरी रंग बसतो, कोपऱ्यात दाट, जिथं हात लागतो तिथं पातळ. झीज कुठं आहे पहा. वापरलेल्या सुऱ्याची मूठ जिथं अंगठा येतो तिथं गुळगुळीत होते, पातं गुळगुळीत पण मूठ कोरीच, असं असेल तर काहीतरी गडबड आहे. चुंबकावर भरवसा ठेवू नका, सुऱ्यांसाठी वापरतात ते बरंचसं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. खुकरी असेल तर बाणाच्या टोकासारखा ब्रिटिश सरकारी शिक्का, सन आणि मार्क म्हणजे मॉडेलचा आकडा शोधा, पण शिक्काही नंतर ठोकता येतो, त्याची कड गंजाच्या खाली आहे का गंज कापून वर आली आहे ते भिंगातून दिसतं. कमांडो सुऱ्याच्या नकला तर जगभर ढिगानं आहेत, नवखा असाल तर तो नग घ्यायचाच नाही असं ठरवून टाका.

त्याच दिवशी लिहून ठेवा

मला या सगळ्यात हे काम सगळ्यात मोलाचं वाटतं. एक जाड वही करा. वस्तू कोणाची होती, गाव, पलटण, कोणत्या आघाडीवर होते, घरात कोणी काय सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत, आणि खाली देणाऱ्याची सही. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, बर्मा स्टारसारखं पदक असेल तर त्यांचा फोटो काढा, कागद मात्र घरच्यांकडेच राहू द्या. त्यांचं बोलणं फोनमध्ये रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा. घरातलं सांगणं आणि कागद जुळत नसेल तर दोन्ही लिहा, आपल्या मनानं दुरुस्त करू नका, 'बाबा जपानला गेले होते' याचा अर्थ जपान्यांशी लढले असा असू शकतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जुन्या सैनिकांबद्दल कसं विचारायचं ते समजतं, तिथं जाऊन या. सुऱ्यावर नंबर पेनानं लिहू नका, सुती दोऱ्यानं चिठ्ठी बांधा.

साफसफाई आणि ठेवणं

लिंबू, चिंच, पॉलिश पेपर, ग्राइंडर यातलं काहीच नको. धारही लावायची नाही, ती धार ज्यानं लावली तो माणूस आता नाही. शिलाई मशीनचं तेल लावून दोन दिवस ठेवा आणि सुती फडक्यानं पुसा, फुगलेला नारिंगी गंज बांबूच्या काडीनं हळू काढा, काळा रंग तसाच राहू द्या. मग पातळ वॅक्स.

चामड्याच्या म्यानात सुरा ठेवू नका, चामड्यातल्या ॲसिडनं आणि ओलीनं पातं आतल्या आत गंजतं आणि पितळी चुकांवर हिरवं चढतं, म्यान वेगळं आणि सुरा वेगळा, दोघांची चिठ्ठी एकच. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या पेटीत, माळ्यावर ठेवलेलं चामडं तडकतं आणि लाकडी मूठ आकसते, मग पावसाळ्यात तीच पेटी ओल धरते. आतल्या खोलीतलं बंद कपाट बरं, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, पोळ्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी पहायचं. प्लास्टिकच्या मुठीजवळ डांबर गोळ्या ठेवू नका, त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिक मऊ पडतं. कपाटाला कुलूप पाहिजेच, घरात लहान मुलं असोत नसोत.

आणि घरच्यांना वही कुठं आहे ते दाखवून ठेवा, कोणता नग कोणत्या घराला परत द्यायचा आणि कोणता संग्रहालयाला विचारून द्यायचा तेही त्यातच लिहा, सोबत पोलीस स्टेशनच्या अर्जाची पोच लावून ठेवा.