‘बस’ म्हटल्यावर कुत्र्याला काय कळतं?

सकाळचे साडेसहा. सांगलीतल्या नेमिनाथनगरच्या मैदानावर दीड वर्षाचा लॅब्राडॉर शेरू आणि त्याचे मालक. मालकांची मार्केट यार्डात हळदीची अडत. चार वेळा ‘बस’ म्हणून झालं होतं, शेरू गवत हुंगत होता. काका वैतागले. “ताई, घरात सगळं ऐकतंय हो. बाहेर आलं की कानच बंद करून घेतंय. मुद्दाम करतंय बघा.”

मी म्हटलं, चला, घरी जाऊन बघू. हॉलमध्ये काकांना शेरूकडे पाठ करून ताठ उभं केलं आणि नुसतं ‘बस’ म्हणायला लावलं. शेरू उभाच. शेपटी हलवत तो काकांच्या पुढ्यात गेला आणि त्यांच्या तोंडाकडे बघायला लागला. मग सांगितलं, आता अक्षरही बोलू नका, फक्त कमरेत जरा वाका आणि उजवा हात खिशाकडे न्या. काकांचा हात खिशापर्यंत पोचायच्या आत शेरूनं फरशीवर बूड टेकलं.

म्हणजे ‘बस’ हा शब्द शेरूला कळलाच नव्हता. त्याला कळलं होतं काकांचं वाकणं, खिशाकडे जाणारा हात, खाऊच्या पुड्याच्या कागदाचा आवाज आणि घरातली ती फरशी. मैदानावर यातलं काहीच नव्हतं. काका चिडून ताठ उभे होते. शेरूच्या दृष्टीनं त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मी कुत्र्यांना शिकवते. या कामात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रसंग आधी सांगते. कुत्रा ऐकत नाही असं मालक म्हणतो तेव्हा कुत्रा नेमकं काय शिकून बसलाय, हे आधी हुडकायचं. ते हुडकता आलं की पुढचं शिकवणं तुलनेनं सोपं असतं.

शेरूचं असं का झालं, याचं मूळ पावलोव्हच्या प्रयोगशाळेत सापडतं. रशियाच्या इव्हान पावलोव्हना 1904 साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेच्या अभ्यासासाठी. तो अभ्यास चालू असताना त्यांच्या लक्षात आलं, की खाणं समोर यायच्या आधीच, ते आणणारा माणूस दिसला तरी कुत्र्यांना लाळ सुटते. खाण्याच्या आधी जे नेमानं घडतं, ते कुत्रा धरून ठेवतो. आपल्या कामाचा पाया हाच. आपण शब्द, हात आणि खाऊ एकाच क्षणी पुढे करतो, तेव्हा कुत्रा त्यातलं त्याला सर्वांत ठळक वाटतं ते उचलतो आणि बाकीचं सोडून देतो. त्याला माणसाच्या शब्दापेक्षा हालचाल बहुतेक वेळा जास्त ठळक वाटते. म्हणून क्रम पाळायचा. आधी शब्द, अंग अजिबात न हलवता. मग एक श्वास जाऊ द्यायचा. मग हाताची खूण. मग खाऊ. शब्दानंतर खूण येतेच हे कुत्र्याच्या लक्षात आलं, की तो खुणेची वाट न बघता शब्दावरच बसायला लागतो. शेरूला याला नऊ दिवस लागले, रोज तीन-तीन मिनिटांच्या चार फेऱ्या.

वेळेचं गणित याहून कडक आहे. कुत्रा बसला, तुम्ही पिशवीत चाचपडलात, तेवढ्यात तो उठला आणि तुम्ही तुकडा दिलात, तर बक्षीस उठण्याला मिळालं. मी बूड टेकताक्षणी ‘हां!’ म्हणते आणि मग निवांत पिशवीत हात घालते. ‘हां’ म्हणजे खाऊ नक्की, हे आधी दोन दिवस पक्कं करून घ्यायचं. काहीजण यासाठी क्लिकर, म्हणजे दाबलं की ‘टक्’ वाजणारी छोटी डबी, वापरतात, तोही उत्तम. खाऊ हरभऱ्याएवढाच हवा. उकडलेलं चिकन सर्वांत चालतं. इथं जैन घरं पुष्कळ, तिथं पनीरचे तुकडे वापरते. काम तेवढंच चांगलं होतं.

दुसरी गोष्ट जागेची. हॉलमध्ये शिकलेलं कुत्र्याला अंगणात आपोआप लागू करता येत नाही. माणसाचं मूल घरी पाढे शिकलं तर शाळेतही म्हणतं. कुत्र्याला मात्र जागा बदलली की धडा नवा असतो. म्हणून हॉल, मग जिना, मग गेट, मग पहाटेचा सामसूम हरिपूर रस्ता, आणि सगळ्यात शेवटी संध्याकाळचं गणपती मंदिराचं आवार. प्रत्येक नव्या जागी पहिल्या इयत्तेपासून सुरुवात, फक्त वर्ग लवकर लवकर पुढे जातात. मालकांना हे पटवायला मला कुत्र्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती अजून मनात सलते. मी जिथं पहिल्यांदा शिकले, तिथं कुत्र्याच्या गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की आवळणारी साखळी, आणि शिकवणाऱ्यांच्या तोंडात एकच वाक्य असायचं: तुम्ही टोळीचे म्होरके आहात हे कुत्र्याला दाखवून द्या. सांगलीत परत आल्यावर एका जर्मन शेफर्डला मी तसंच शिकवलं. तो अनोळखी माणसावर गुरगुरायचा. गुरगुरला की झटका. महिन्याभरात गुरगुरणं थांबलं, घरचे खूश झाले. दोन महिन्यांनी त्यानं भाड्याच्या खोलीतल्या मुलाच्या हाताला चावा घेतला. ना गुरगुर, ना दात दाखवणं, थेट चावा. त्याची भीती तशीच राहिली होती. ‘मला भीती वाटतेय, लांब राहा’ हे सांगायची त्याची सोय मात्र मी काढून घेतली होती. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला शिक्षा करू नका. थांबा, अंतर वाढवा, आणि त्याला कशाची भीती वाटतेय ते बघा.

म्होरक्याची ती कल्पना पिंजऱ्यातल्या लांडग्यांवरून आली होती. 1947 साली संशोधक रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांच्या भांडणांवर लिहिलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी रानातल्या लांडग्यांचा अनेक वर्षं अभ्यास करून 1999 मध्ये दाखवून दिलं, की टोळी म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. आणि कुत्रा तर लांडगाही नाही.

“चप्पल फाडल्यावर मान खाली घालतंय, त्याला कळतंय आपण चुकलोय ते,” हेही घरोघरी ऐकाल. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 मध्ये प्रयोग करून पाहिलं. कुत्र्यानं खरंच चूक केली होती की नाही, याचा त्या अपराधी चेहऱ्याशी संबंध दिसला नाही, मालक रागावतोय की नाही याचा दिसला. मान खाली घालून कुत्रा तुमचा राग शांत करत असतो. जीभ नाकावरून फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई, मान वळवणं, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसणं, या सगळ्या खुणा पाठ करा. नुसती शेपटी हलतेय म्हणून जवळ जाऊ नका. ताठ, उंच धरून हलणारी शेपटी आणि सैल अंगासकट हलणारी शेपटी, यांचे अर्थ वेगळे.

जातीनुसार मनही वेगळं असतं. जतकडच्या एका घरात कारवानी कुत्रा होता, मुधोळ हाऊंड म्हणतात तो. 2005 साली टपाल खात्यानं काढलेल्या देशी कुत्र्यांच्या तिकिटांत तो आहे. मी चिकन पुढे धरलं तर त्यानं हुंगूनही बघितलं नाही, नजर लांब बांधावर. पिढ्यान् पिढ्या ससा नजरेनं हेरून धावायला वाढवलेला हा प्राणी. त्याचं बक्षीस पळणं. लांब दोरीवर ‘ये’ म्हणायचं, आला की ‘हां’, आणि लगेच कुंपण घातलेल्या रानात मोकळा सोडायचा. आठवड्यात तो हाकेला वळायला लागला. बहुतेक घरांत ‘ये’ ही हाक नेमकी उलटी वापरतात. ये म्हणजे साखळी, ये म्हणजे अंघोळ, ये म्हणजे खेळ संपला. मग कुत्रा लांबूनच बघत उभा राहतो आणि त्याला हट्टी म्हणतात.

त्याच भागात माडग्याळ मेंढ्यांच्या कळपापाशी एका धनगरमामांचं कुत्रं बघत मी अख्खी दुपार बसले होते. कळपाकडे पाठ, तोंड रानाकडे, बसल्या जागी कान फिरत. कसं शिकवलं विचारलं तर मामा म्हणाले, “शिकवायचं काय त्यात? डोळं उघडल्यापास्नं कोकरातच निजतंय.” पिल्लाचे साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यातले दिवस असे असतात, की तेव्हा जे आजूबाजूला असतं ते आपलं वाटतं. शहरातली पिल्लं नेमकी तेव्हा बंद खोलीत असतात. डॉक्टरांना विचारून, कडेवर घेऊन का होईना, त्यांना रिक्षा, हेल्मेट, काठी टेकणारे आजोबा दाखवा.

सुरुवात करणाऱ्यांनी निदान सहा महिने जनावरांच्या दवाखान्यात मदतीला राहावं, कुत्री धरावीत, बघावीत. रोजच्या तालमीचा मोबाईलवर व्हिडिओ काढावा. स्वतःचं वाकणं आणि उशिरा पोचणारा हात त्यातच दिसतो. एप्रिल-मे मध्ये सांगलीत सकाळी आठच्या पुढे मैदानावर जाऊ नका, डांबर तापतं आणि धापा टाकणारा कुत्रा काही शिकत नाही. रेबीजची आधी घ्यायची लस डॉक्टरांना विचारून घेऊन ठेवा. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

शेरू आता गणपती मंदिराबाहेर बसतो, काकांची पाठ असली तरी. फटाक्यांना मात्र अजून घाबरतो. दिवाळीला दोन महिने आहेत. सध्या काका रोज संध्याकाळी मोबाईलवर फटाक्यांचा आवाज लावतात, इतका बारीक की शेरू कान टवकारतो पण चिकन चावायचं थांबत नाही. काल त्यांनी आवाज एक घर वाढवला आणि त्याचं चावणं थांबलं. आज पुन्हा एक घर खाली.